रोहिणी : एका राक्षसी ताऱ्याचीं नांवें आणि मापें

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्रीं, कृष्णजन्माचा गजर होऊन सुंठवडा वांटला गेल्यावर, आपण कधीं गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहिलें आहे काय? पावसाळी ढगांनीं कृपा केली तर त्या वेळीं अर्धा चंद्र नुकताच क्षितिजावर आलेला असतो, आणि त्याच्या आसपास, कधीं थोडा वर तर कधीं थोडा खालीं, एक तांबूस तेजस्वी तारा दिसतो. हीच रोहिणी. कृष्णाचा जन्म रोहिणी नक्षत्रावर झाला असें कथेंत सांगतात. त्याचा आकाशांतला अर्थ एवढाच कीं, त्या रात्रीं चंद्र या ताऱ्याच्या शेजारीं होता. नक्षत्राचें नांव आपण पंचांगांत वाचतों, परंतु ज्या ताऱ्यामुळें तें नांव पडलें त्याला नजरेनें ओळखणारीं माणसें आतां शहरांत फारशीं उरलीं नाहींत.

मी नवी मुंबईंत, नेरुळला राहतों. आमच्या गच्चीवरचें आकाश फार गरीब आहे. खाडीपलीकडे मुंबईचा उजेड, अलीकडे आमच्या स्वतःच्या रस्त्यांचा आणि बंदराचा उजेड. यांतून वांचून डोळ्यांपर्यंत पोंचणारे तारे बोटांवर मोजावे इतकेच. त्या थोडक्यांत रोहिणी आहे. जानेवारीच्या मध्यास रात्रीं साडेनऊच्या सुमारास ती जवळजवळ डोक्यावर येते, कारण खगोलीय विषुववृत्तापासून ती साडेसोळा अंश उत्तरेस आहे आणि आमचे अक्षांश एकोणीस. मृगाच्या पोटांतील तीन तारे सर्वांना ठाऊक असतात. त्यांची रेषा आग्नेयेकडे वाढविली तर ती व्याधाकडे जाते, आणि उलट वायव्येकडे वाढविली तर रोहिणीपाशीं पोंचते.

२००१ सालच्या अखेरीस शनि या ताऱ्याच्या बाजूनें चालला होता. आमच्या इमारतींत त्या वेळीं एक वृद्ध मावशी राहत. मी दुर्बीण घेऊन गच्चीवर जातों हें त्यांना ठाऊक होतें. एका संध्याकाळीं जिन्यांत त्यांनीं मला थांबवून विचारलें, “अहो भाऊ, शनि रोहिणीचा गाडा फोडणार असें म्हणतात. तसें झालें तर बारा वर्षें पाऊस पडत नाहीं म्हणे. खरें का हो हें?” मावशींचें माहेर सिन्नरकडचें; १९७२ चा दुष्काळ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेला. तेव्हां हा प्रश्न त्या हौसेनें विचारीत नव्हत्या. मीं “नाहीं” असें सांगितलें, परंतु कां नाहीं हें जिन्यांत उभ्या उभ्या मला नीट सांगतां आलें नाहीं. आजचें भाषण म्हणजे एका अर्थीं त्या प्रश्नाला उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

प्रथम नांवाविषयीं. रोहित म्हणजे तांबडा, आणि रोहिणी म्हणजे तांबडी. हें नांव कोणा देवतेवरून किंवा वीरावरून पडलेलें नाहीं. ताऱ्याकडे पाहून पडलेलें आहे. याचा एक सुंदर पुरावा असा कीं, तैत्तिरीय संहितेंतील नक्षत्रांच्या यादींत रोहिणी हें नांव दोनदां येतें. एकदां आपल्या या ताऱ्याला, आणि दुसऱ्यांदा ज्याला आपण आज ज्येष्ठा म्हणतों त्याला. ज्येष्ठाहि तांबडीच. हे दोन तारे क्रांतिवृत्तावर एकमेकांच्या जवळजवळ अगदीं समोर आहेत; एकाचें अंतर दुसऱ्यापासून बरोबर अर्ध्या वर्तुळाचें. एक मावळतीला टेकते तेव्हां दुसरी उगवतीला येऊं लागते. ज्यांनीं दोघींना एकच नांव दिलें त्यांनीं दोघींचा रंग पाहिला होता यांत संशय नाहीं.

ऐतरेय ब्राह्मणांत दुसरी एक कथा आहे, आणि ती आकाशाचा नकाशाच आहे. प्रजापति आपल्या कन्येच्या मागें लागला. ती रोहित, म्हणजे तांबडी हरिणी झाली, तेव्हां तो मृग झाला. देवांनीं रुद्राकडून त्याला बाणानें विंधविलें. त्यांतील मृग तो मृगशीर्ष, मारणारा तो मृगव्याध, हरिणी ती रोहिणी, आणि तीन कांडांचा बाण तो मृगाच्या पोटांतील तीन ताऱ्यांचा. मघाशीं मीं जी रेषा वाढवावयास सांगितली ती हीच : व्याध, बाण, मृग, आणि पुढें पळणारी रोहिणी. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालच्या आपल्या ‘ओरायन’ ग्रंथांत या कथेचा ऊहापोह केला आहे. वेदकाळाविषयींचीं त्यांचीं अनुमानें सर्वांना पटलेलीं नाहींत, परंतु ही कथा आकाशाकडे बोट दाखवून सांगितलेली आहे हें त्यांचें म्हणणें, माझ्या मतें, एकदां गच्चीवर जाऊन पाहणाऱ्याला नाकारतां यावयाचें नाहीं.

अरब लोकांनीं याच ताऱ्याला ‘अल्-दबरान’ म्हटलें. त्याचा अर्थ मागून येणारा. कोणाच्या मागून? तर कृत्तिकांच्या. कृत्तिकांचा पुंजका आधीं उगवतो आणि त्याच्या पाठोपाठ हा तारा. आम्हीं रंग पाहिला, त्यांनीं चाल पाहिली. टॉलेमीनेंहि आपल्या यादींत याला वृषभाच्या डोळ्यापाशीं बसवून ‘तांबूस’ असा शेरा दिला आहे. पुढें युरोपांत अरबी नांवच ‘आल्डेबरान’ या रूपानें रूढ झालें. १६०३ सालीं बायर यानें आपल्या नक्षत्रपटांत त्याला वृषभाचा ‘आल्फा’ म्हणजे पहिला तारा म्हटलें. आणि २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय खगोल संघानें आल्डेबरान हें नांव अधिकृत ठरविलें. आमच्या शेतकऱ्याची रोहिणी मात्र निराळी. ‘रोहिणी लागली’ असें तो मे महिन्याच्या पंचविसाव्या तारखेच्या सुमारास म्हणतो, तेव्हां तो चंद्राचें नव्हे, सूर्याचें नक्षत्र सांगत असतो. गंमत अशी कीं, त्या पंधरवड्यांत रोहिणीचा तारा मुळींच दिसत नाहीं. सूर्य त्याच्या अंगावरच आलेला असतो. ज्या काळांत तिचें नांव खेडोपाडीं सर्वांत अधिक घेतात त्याच काळांत ती आकाशांतून नाहींशी झालेली असते.

आतां चंद्राकडे वळूं. चंद्राचें रोहिणीवरील प्रेम प्रसिद्ध आहे. तैत्तिरीय संहितेंत प्रजापतीच्या तेहतीस कन्या सांगितल्या आहेत, महाभारतांत दक्षाच्या सत्तावीस. परंतु तक्रार दोन्हींकडे तीच. सर्व बायकांना सोडून चंद्र एकटीच्याच घरीं राहतो. मग शाप, क्षय, आणि प्रभास तीर्थावरील स्नानानें अर्धी सुटका. क्षयवृद्धीचा उलगडा म्हणून ही कथा आपण ऐकतों. पण इतक्या नक्षत्रांतून रोहिणीच कां? याला एक साधें कारण संभवतें. चंद्र आपल्या वाटेवर पहिल्या प्रतीच्या चारच ताऱ्यांना झांकूं शकतो : रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. त्यांत रोहिणी सर्वांत तेजस्वी. शिवाय ती एकटी नसते. तिच्या भोवतीं लहान ताऱ्यांचा एक त्रिकोणी घोळका आहे, आणि कांहीं वर्षें चंद्र दर महिन्याला त्या घोळक्यांत शिरून तिच्या अगदीं अंगावरून जातो. नंतर कांहीं वर्षें तो दूरदूरून जातो. हें पाहणाऱ्या कवीला प्रेम आणि रुसवा यांखेरीज दुसरें काय सुचणार?

या घोळक्यालाच आपल्याकडे रोहिणीशकट, म्हणजे रोहिणीचा गाडा म्हणतात. पांच तारे, आकार गाड्याच्या जूं-दांड्यांसारखा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आडवें ठेवावें तसा. रोहिणी त्याच्या दक्षिणेकडील टोंकाशीं. नेरुळच्या गच्चीवरून रोहिणी दिसते, पण तिचा गाडा नुसत्या डोळ्यांनीं दिसत नाहीं. उजेडांत तो बुडून जातो. साध्या दुर्बिणींतून मात्र तो पूर्ण दिसतो. ग्रह या गाड्यांत शिरला म्हणजे त्यानें शकटाचा भेद केला असें म्हणत. शनि, मंगळ किंवा चंद्र यांनीं हा भेद केला तर जगावर अनर्थ ओढवतो असें वराहमिहिरानें लिहून ठेवलें आहे, आणि पुराणांत तर दशरथ राजा रथांत बसून नक्षत्रमंडळांत गेला व शनीला शकट न भेदण्याविषयीं विनवूं लागला अशी कथा आहे. मावशींची बारा वर्षांची अनावृष्टि तीच.

तथापि, आमच्या ज्योतिष्यांनीं नुसती भीति सांगून ठेवली नाहीं. तिचें गणितहि सांगून ठेवलें. सूर्यसिद्धांतांत म्हटलें आहे कीं, वृषभ राशीच्या सतराव्या अंशावर असतांना ज्या ग्रहाचा दक्षिण शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासून दक्षिणेकडचें अंतर, दोन अंशांहून कांहींसें अधिक असेल तो रोहिणीचा शकट भेदील. पुढें कोंकणांत गणेश दैवज्ञ झाला. नवी मुंबईचा पनवेल-खारघरकडचा भाग ज्या रायगड जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांत, दक्षिणेस समुद्रकांठीं मुरुड-जंजिऱ्याजवळ नांदगांव म्हणून गांव आहे. तें गणेशाचें गांव. त्याचा बाप केशव हाहि मोठा ज्योतिषी आणि वेध घेणारा. गणेशानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं, ‘ग्रहलाघव’ रचलें. ज्या-कोज्यांच्या कोष्टकांवांचून ग्रहगणित करण्याची सोय त्यानें त्यांत करून दिली, आणि त्यामुळें पुढें कित्येक शतकें महाराष्ट्रांतच नव्हे तर बाहेरहि पुष्कळ पंचांगें या ग्रंथावरून होत आलीं.

या ग्रंथांत गणेशानें शकटभेदाची मर्यादा पन्नास अंगुलें, म्हणजे अडीच अंश अशी धरली आहे. आजच्या मोजणीप्रमाणें गाड्याच्या उत्तरेकडील टोंकाचा तारा क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेस अडीच अंशांहून किंचित् अधिक अंतरावर आहे. नांदगांवच्या किनाऱ्यावर बसून केलेलें हें माप! त्यापुढें तो दोन गोष्टी सांगतो. पहिली ही कीं, शनि आणि मंगळ यांच्याकडून शकटभेद सध्यांच्या पातस्थितींत होत नाहीं. झाला तर दुसऱ्या एखाद्या युगांत होईल. दुसरी ही कीं, चंद्र मात्र भेद करतो, आणि राहु पुनर्वसूपासून पुढच्या आठ नक्षत्रांत असेल तोंपर्यंत तो सतत करीत राहतो.

हें दुसरें विधान आपण ताडून पाहूं. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशीं सुमारें पांच अंशांनीं कलती आहे. दोन वाटा जेथें एकमेकींना छेदतात ते दोन बिंदु म्हणजे राहु आणि केतु. हे बिंदु स्थिर नसतात. ते उलट दिशेनें सरकत सरकत १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करतात. त्यामुळें चंद्र रोहिणीपाशीं येतो तेव्हां कांहीं वर्षें तो क्रांतिवृत्ताच्या पांच अंश उत्तरेस असतो आणि कांहीं वर्षें पांच अंश दक्षिणेस. रोहिणी स्वतः साडेपांच अंश दक्षिणेस आहे. तेव्हां चंद्र पुरता दक्षिणेकडे झुकेल त्या वर्षांतच त्याची आणि तिची गांठ पडणार. अशी गांठ अलीकडे २९ जानेवारी २०१५ पासून ३ सप्टेंबर २०१८ पर्यंत दर महिन्यास पडत होती. चंद्रानें रोहिणीला ओळीनें ४९ वेळां झांकलें. प्रत्येक वेळीं तें पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतून, आणि बहुतेक उत्तर गोलार्धांतूनच, दिसलें. आतां पंचांग उघडा. जानेवारी २०१५ मध्यें राहु हस्तांत होता, आणि सप्टेंबर २०१८ मध्यें पुष्यांत. पुनर्वसु ते चित्रा या आठ नक्षत्रांच्या आंत ही सारी मालिका चपखल बसते. पांचशें वर्षांपूर्वींचा नियम आजहि एका महिन्यानें चुकत नाहीं!

पहिलें विधानहि तितकेंच खरें. शनीची वाट क्रांतिवृत्ताशीं अडीच अंशांनीं कलती आहे, पण तिचा सर्वांत दक्षिणेकडचा भाग रोहिणीपाशीं येत नाहीं. रोहिणीच्या जवळून जातांना शनीचा दक्षिण शर दोन अंशांपर्यंतच पोंचतो. मंगळाला त्या ठिकाणीं एवढाहि दक्षिण शर मिळत नाहीं. म्हणजे गाड्याचें उत्तरेकडचें टोंक आणि शनि यांच्यामध्यें सरासरीनें चंद्रबिंबाएवढी मोकळी जागा राहतेच. मावशींच्या प्रश्नाला ‘नाहीं’ हें उत्तर द्यावयाचें तें यामुळें. शनि गाडा फोडीत नाहीं. तो बाजूनें जातो. आणि फोडता तरी नाशिक जिल्ह्यांतील पावसाशीं त्याचा संबंध नव्हता, हें आणखी एक उत्तर आहे; पण तें माझ्याजवळ होतेंच. मला हवें होतें तें गणेशाचें.

येथें शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हेहि मुरुडचेच, परंतु हें मुरुड दापोलीकडचें, नांदगांवाशेजारचें नव्हे. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आमच्या ज्योतिषाचा इतिहास ज्याला वाचावयाचा आहे त्याला तो आजहि टाळतां येत नाहीं. दीक्षितांनीं असा विचार केला कीं, शनीचा शकटभेद जर आज होत नाहीं, तर संहिताकारांनीं त्याचें फळ कशावरून सांगितलें? अर्थात् तो कोणीं तरी पूर्वीं पाहिला असला पाहिजे. मग त्यांनीं उलट गणित केलें, आणि असा भेद शकापूर्वीं पांच हजार वर्षांच्याहि पलीकडे होत असला पाहिजे असें अनुमान काढलें. गणिताविषयीं माझी तक्रार नाहीं. पण भीतीला प्रत्यक्ष पाहण्याची गरज असते हें मात्र मला पटत नाहीं. चंद्र गाडा भेदतो हें सर्वांनीं पाहिलेलें होतें. तेंच शनीनें केलें तर काय होईल, एवढी कल्पना करावयास दहा-बारा शतकांचे वेध कशाला हवेत?

चंद्रानें रोहिणीला झांकण्याच्या या प्रकाराला पिधान म्हणतात, आणि यानें शास्त्राला दोनदां मोठी मदत केली आहे. पहिली अशी. इ. स. ५०९ च्या मार्च महिन्यांत अथेन्स शहरांतून चंद्रानें रोहिणीला झांकलेलें पाहिल्याची नोंद आहे. १७१८ सालीं हॅले यानें ती नोंद गणितानें तपासली. तेव्हां त्याला आढळलें कीं, रोहिणी त्या काळींहि आजच्याच जागीं असती तर चंद्र तिच्या उत्तरेकडून निसटून गेला असता. तिला तो झांकूं शकला नसता. म्हणजे एक तर नोंद खोटी, नाहीं तर ताराच मधल्या काळांत दक्षिणेकडे सरकलेला. व्याध आणि स्वाती यांच्या बाबतींतहि त्याला असेंच दिसून आलें. ज्यांना आपण स्थिर तारे म्हणतों ते स्थिर नाहींत ही गोष्ट प्रथम सिद्ध झाली ती अशी. रोहिणीची ही चाल वर्षाला एका विकलेच्या पांचव्या भागाइतकीच आहे, पण बारा शतकांत ती चार कलांएवढी होते.

दुसरी मदत तिचा आकार मोजण्याच्या कामीं झाली. कितीहि मोठ्या दुर्बिणींतून पाहिलें तरी तारा बहुधा बिंदूच दिसतो. चंद्राची कड मात्र दर सेकंदाला सुमारें अर्धी विकला पुढें सरकते. तारा खरोखर बिंदु असता तर कडेआड जातांना तो निमिषांत विझला असता. रोहिणी तशी विझत नाहीं. अतिशय वेगानें प्रकाश नोंदणाऱ्या यंत्रांनीं असें दाखविलें कीं, ती मावळावयास सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागाएवढा वेळ घेते. अर्थात् तिला रुंदी आहे, आणि ती रुंदी विकलेच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे. पुढें अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून केलेल्या मोजणीनेंहि हीच संख्या पक्की केली.

कोन कळला, अंतर कळलें म्हणजे आकार कळतो. पृथ्वी सूर्याभोवतीं फिरतांना जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जरासे हलतात. त्यावरून रोहिणीचें अंतर सुमारें ६५ प्रकाशवर्षें ठरलें आहे. आज रात्रीं जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेल तो निघाला त्या वेळीं नवी मुंबईच्या जागीं मिठागरें, भातखाचरें आणि आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं. नव्या शहराचें काम १९७० नंतर सुरू झालें. या अंतरावरून हिशेब केला तर रोहिणीचा व्यास सुमारें सहा कोटि किलोमीटर निघतो. आपल्या सूर्याचा चौदा लाख. म्हणजे चव्वेचाळीस सूर्य एका ओळींत मांडावे लागतील. ती सूर्याच्या जागीं आणून ठेवली तर बुधाची कक्षा तिच्या बाहेर राहील, पण बुधाकडे जाण्याचा निम्मा मार्ग तिनें गिळलेला असेल.

अशा ताऱ्यांना शास्त्रज्ञ ‘राक्षसी तारे’ म्हणतात. चंद्राच्या लाडक्या राणीला हें नांव मिळावें याला इलाज नाहीं. परंतु राक्षसी म्हटल्यावर आपण जें वजनदार कांहीं तरी डोळ्यांपुढें आणतों तें येथें लागू पडत नाहीं. रोहिणींतलें द्रव्य सूर्याहून फार तर पांचवा हिस्सा अधिक आहे. तेवढेंच द्रव्य पंचाऐंशी हजार सूर्यांच्या जागेंत पसरलेलें. सरासरी काढली तर तिच्यापेक्षां आपण श्वासावाटे घेतों ती हवा पन्नास-साठ पट दाट भरेल. लाहीसारखी फुललेली आहे ती. तिच्या गाभ्यांत मात्र द्रव्य अतिशय दाट दबलेलें आहे.

ती तांबडी कां? लोहाराच्या भात्यापाशीं उभें राहिलेल्याला हें सांगावयास नको. लोखंड तापूं लागलें कीं आधीं तांबडें होतें, मग पिवळें, मग पांढरें. रोहिणीच्या पृष्ठाचें उष्णमान सुमारें ३,६०० अंश सेंटिग्रेड आहे, सूर्याचें ५,५००. म्हणून ती तांबडी आणि तो पिवळसर पांढरा. थंड पृष्ठ प्रकाशहि कमी देतें. सारख्या आकाराचे दोन तुकडे, एक सूर्याचा आणि एक रोहिणीचा, शेजारीं ठेवले तर रोहिणीचा तुकडा पांचव्या हिश्शाएवढीच ऊर्जा बाहेर टाकील. मग ती तेजस्वी कशी? तर तिच्याजवळ तुकडे फार आहेत. चव्वेचाळीसाचा वर्ग १,९३६. तितके पट तिचें पृष्ठ. त्याचा पांचवा हिस्सा घेतला तर सुमारें चारशें. म्हणजे ती चारशें सूर्यांएवढी ऊर्जा टाकते. प्रत्यक्ष मोजणीहि याच्या आसपासच येते.

तिच्यांत काय आहे हेंहि प्रकाशावरूनच कळलें. १८६४ सालीं लंडनमध्यें हगिन्स आणि मिलर यांनीं तिचा वर्णपट तपासून सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह अशीं आपल्या पृथ्वीवरचीं मूलद्रव्यें तिच्यांत ओळखलीं. ताऱ्याच्या उष्णमानाप्रमाणें या रेषा कमीजास्त ठळक कां होतात याचा उलगडा पुढें १९२० सालीं आपल्या मेघनाद साहांनीं केला. रोहिणीभोवतीं एक मोठा ग्रह फिरत असल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें होतें, परंतु नंतरच्या तपासणींत त्याविषयीं शंका निघाल्या. ताऱ्याच्या स्वतःच्या धडधडण्यालाच ग्रह समजण्याची चूक होणें सहज शक्य असतें.

येथें गाड्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. रोहिणी त्या गाड्यांतली नाहींच. गाड्याचे इतर तारे एकाच कुटुंबांतले आहेत. ते एकत्र जन्मले, एकत्र चालले आहेत, आणि आपल्यापासून सुमारें दीडशें प्रकाशवर्षांवर आहेत. रोहिणी पासष्टावर. अर्ध्याहून कमी अंतरावर ती एकटीच उभी आहे, आणि तिच्या मागें फार दूरवरून जाणारा गाडा आपल्याला तिचा वाटतो. आणि तिची ती जुनी जुळी बहीण, ज्येष्ठा? तीहि दिसते तांबडीच. पण ती साडेपांचशें प्रकाशवर्षांच्या आसपास आहे आणि तिचा व्यास सूर्याच्या सुमारें सातशें पट, मंगळाची कक्षाहि पोटांत मावेल एवढा. ती महाराक्षसी. डोळ्यांनीं सारख्या दिसल्या म्हणून एक नांव दिलें तें चूक नव्हे. उष्णमान दोघींचें खरोखरच जवळजवळ सारखें आहे. फरक आहे तो अंतराचा, आणि त्यामागें लपलेल्या आकाराचा.

रोहिणी आधींपासून अशी नव्हती. ती सूर्यासारखीच एक मध्यम तारा होती. गाभ्यांतील हायड्रोजन संपला तेव्हां गाभा आकुंचित होऊन अधिक तापला, आणि त्याच्या उष्णतेनें बाहेरचें आवरण फुगत, थंड होत, तांबडें होत गेलें. आपला सूर्यहि सुमारें पांचशें कोटि वर्षांनीं याच वाटेनें जाईल. ज्याला सूर्याचें म्हातारपण आज पाहावयाचें असेल त्याला तें जानेवारींत डोक्यावर दिसतें.

पुढील तारखा मात्र इतक्या दूरच्या नाहींत. २०३०-३१ च्या सुमारास शनि फिरून रोहिणीपाशीं येईल. तेव्हां पुन्हां कोणी तरी गाडा फुटणार म्हणून सांगेल. त्या दिवसांत दुर्बीण घेऊन, शक्य तर शहराच्या उजेडाबाहेर, कर्नाळ्यापलीकडे किंवा नांदगांवच्या किनाऱ्यावर जावें. गाड्याचें उत्तरेकडचें टोंक आणि शनि या दोघांच्या मध्यें चंद्रबिंबाएवढी जागा राहिली आहे कीं नाहीं तें स्वतः पाहावें. आणि २०३३ पासून २०३७ पर्यंत चंद्र पुन्हां रोहिणीला झांकूं लागेल. त्या काळांत राहु कोठें आहे तें पंचांगांत पाहण्यास विसरूं नये. मावशींचा नातू आतां पनवेलला असतो. हीं दोन्हीं सालें मीं त्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागें लिहून ठेवावयास सांगितलीं आहेत.